परभणी जिल्ह्यात मुक्कामाला या

प्रिय चिऊ,



तू आणि जावईबापूंनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आतल्या मुलखातले फोटो पाठवलेत, ते मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. लाँगरीच, विंटन, मधे शेकडो किलोमीटर लाल माती आणि गाडीशेजारी तुमचा तो छोटा तंबू. लोक विचारतात, त्या उजाड रानात पाहायला काय आहे? मग मी सांगते की क्वांटास ही एवढी मोठी विमान कंपनी १९२० साली त्या विंटनमध्ये नोंदली गेली. पण मला खरी आवडली ती तू लिहिलेली दुसरी गोष्ट. तिकडच्या कितीतरी लहान गावांनी वाटसरूंसाठी रात्रीची जागा राखून ठेवली आहे. मोकळं मैदान, पिण्याचं पाणी, कचऱ्याची आणि सांडपाण्याची सोय. तिथल्या कॅम्परव्हॅनवाल्यांच्या क्लबाची तशी योजनाच आहे आणि अशा गावाच्या वेशीवर पाटी लागते. गावाला त्यातून मिळतं काय, तर आलेला माणूस डिझेल तिथेच भरतो, पाव-भाजी तिथूनच घेतो, चार घटका बोलतो आणि दुसऱ्या दिवशी पुढे जातो. गावात एक रात्र माणूस राहिला तर गाव जगायला हातभार लागतो, एवढा साधा हिशोब.

ते वाचून तुझ्या बाबांनी तू इथे ठेवून गेलेला तंबू माळ्यावरून काढला. हुरड्याचे दिवस होते. आम्ही गाडीत दोन वाकळा, स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि ज्वारीचं पीठ घातलं आणि आपलाच जिल्हा मुक्काम करत हिंडलो. त्याबद्दल हे पत्र. मासिकाकडे देते आहे, कारण सांगायचं आहे ते तुझ्याइतकंच परभणी सोडून गेलेल्या सगळ्या पोरापोरींना.

माय, तू परभणीत वाढलीस, पण जिल्हा तुला कुणी दाखवला? तुमच्या पिढीनं तो एसटीच्या खिडकीतून पाहिला. लग्नाला जिंतूर, दहाव्याला गंगाखेड, बाजाराला मानवत आणि रात्री मुक्कामाला घरी. दिवसा दिसतं काय, तर बसस्टँड, आडत, धूळ आणि ट्रॅक्टरांची रांग. तेवढ्यावरून लोक ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून मोकळे होतात. मी मात्र आता पक्क्या मनानं म्हणते, नऊ तालुक्यांचा हा जिल्हा रात्र काढल्याशिवाय कळत नाही.

पहिली रात्र सेलू तालुक्यात वालूरला. तिथली बारव तुला दाखवायचीच आहे. आपल्याकडच्या बहुतेक बारवा चौकोनी, पायऱ्या सरळ खाली उतरणाऱ्या. वालूरची गोल आहे आणि तिच्या पायऱ्या वळत वळत, विहिरीला वळसा घालत खाली जातात. उतरताना समोर सतत नवा दगड येतो, मागचा दिसेनासा होतो आणि तीन-चार पावलांत वरचा उकाडा सुटून अंगाला गारवा लागतो. भिंतीतल्या देवळ्यांत आता मूर्ती नाहीत, पण दगडावर दगड बसवलेला इतका घट्ट की मधे नख जात नाही. दुपारची उन्हं वरून तिरपी येऊन निम्म्या पायऱ्यांवर पडली होती आणि खालचं पाणी काळंशार. बाबा पायरीवर बसून राहिले, उठेचनात. ही बारव वर्षानुवर्षं गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली होती. गावातल्या पोरांनी आणि मोठ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. २०२२ साली टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली, त्यांत वालूर आलं. आपल्या जिल्ह्यात पिंगळी, आर्वी, चारठाणा इथेही बारवा आहेत. महाशिवरात्रीला लोक त्यांच्या पायऱ्यांवर पणत्या लावतात.

त्या पायऱ्यांवर बसून मला एक गोष्ट लख्ख समजली. या विहिरी नुसत्या गावच्या पाण्यासाठी नव्हत्या. चालणाऱ्या माणसाला, बैलांच्या तांड्याला, यात्रेकरूला रात्री थांबता यावं म्हणूनही त्या बांधलेल्या. पाणी, शेजारी देऊळ, देवळाला ओसरी, बाहेर पार. यादवांच्या काळापासून आपला सगळा मुलूख मुक्कामासाठी रचलेला होता. ऑस्ट्रेलियात गुरं हाकत नेणाऱ्यांसाठी सरकारनं लांबच लांब वाटा आणि वाटेवर पाण्याच्या जागा राखून ठेवल्या, असं तू सांगितलं होतंस. तसंच हे. मोटार आली, आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परतायला लागलो, ओसऱ्या ओस पडल्या आणि बारवांत कचरा गेला.

तिथून चारठाण्याला गेलो. जिंतूर तालुक्यातलं हे गाव म्हणजे उघड्यावरचं संग्रहालयच आहे. जुन्या देवळांचे खांब कुणाच्या वाड्याच्या भिंतीत, कोरीव दगड कुणाच्या दारात पायरीला. देवळासमोरचा तो उंच, नाजूक कोरलेला दगडी स्तंभ संध्याकाळी सावली लांबवत उभा होता, खाली पोरं गोट्या खेळत होती आणि एक म्हातारी आजी शेंगा निवडत होती. तिनं विचारलं, ‘कुणाच्या घरी आलात?’ म्हटलं, कुणाच्याच नाही, तंबू टाकून राहायचं आहे. ती म्हणाली, ‘बाई माणूस उघड्यावर झोपतंय व्हय?’ आणि आम्हाला आपल्या अंगणात जागा दिली. रात्री भाकरीबरोबर कारळाची चटणी आणि गरम पिठलं आलं. पैसे काढले तर तिनं हात मागे घेतला. सकाळी तिच्या नातवाला वह्या घेऊन दिल्या, तेवढ्या तिनं चालवून घेतल्या.

जिंतूरच्या पुढे जमीन बदलते. अजिंठ्याच्या डोंगरांचे फाटे तिथवर उतरले आहेत, मुरमाड माळ लागतो, सागाची आणि पळसाची झाडं दिसतात, मधे बंजारा तांडे. तंबूसाठी ही जमीन चांगली. खाली गोदाकाठच्या काळ्या मातीत हिवाळ्यात अशा भेगा पडतात की तंबूची खुंटी ठोकली तर भेगेत गडप होते. आणि चुकून पाऊस पडलाच तर तीच माती बुटाला, चाकाला, तंबूला अशी धरते की गाडी जागची हलत नाही. काळ्या रानात मुक्काम करायचा तर धुऱ्यावर नाहीतर आखाड्यासमोरच्या चोपलेल्या अंगणात. हे लक्षात ठेव.

नेमगिरीच्या जैन गुहांत शिरताना जावईबापूंना फार वाकावं लागेल. दारं एवढीशी, आतला बोळ अरुंद आणि एकदम समोर मोठी पाषाणमूर्ती. पार्श्वनाथाची मूर्ती एका लहानशा दगडाच्या टेकूवर तोललेली आहे, म्हणून तिला अधांतरी म्हणतात. पुढे पूर्णा नदीवर येलदरीचं धरण. १९६० च्या दशकातलं. खाली २२.५ मेगावॅटचं वीजघर आहे. परभणीत नळाला येतं ते पाणीही या नदीचंच. एवढं पाणी पाहून बाबा म्हणाले, आपण ज्या पाण्यासाठी हंडे घेऊन टँकरची वाट पाहिली, ते इथे आहे होय. पाण्याकाठी थंडी मात्र मी म्हणत होती. थंडीची लाट आली की आपल्या कृषी विद्यापीठातल्या नोंदीत पारा ५ अंशांखाली उतरतो, हे तुला वर्तमानपत्रातून माहीत आहे. तंबूत ती अंगावर येते तेव्हा कळते. पहाटे तंबूच्या कापडावर इतकं दहिवर साचलं होतं की आतून बोट लागलं तर थेंब मानेवर. दोन वाकळा कमी पडल्या. तुम्ही चार आणा, किंवा मी शिवून ठेवते.

मानवतवर थोडंच लिहिते. गावाचं नाव काढलं की लोक १९७२ ते ७४ मधल्या खुनांच्या प्रकरणावर येतात आणि २०२४ च्या मालिकेनं ते पुन्हा ताजं केलं. कापसाच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेवर हा अन्याय आहे. आम्ही आडतीत उभं राहून कापसाचा लिलाव पाहिला, चहा घेतला, निघालो. पाथरीला मात्र थांबा. अहमदनगरची निजामशाही ज्या घराण्यानं उभी केली, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. म्हणून तर निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही या गावासाठी लढल्या. साईबाबांचं जन्मस्थान म्हणूनही पाथरीचं नाव येतं. त्यावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डीत बंद झाला होता, आठवत असेल. शिर्डीच्या भक्तांना हे मान्य नाही. तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. पण सेलूला साईबाबांच्या गुरूंची, गोपाळराव देशमुखांची समाधी मानतात आणि पाथरी तिथून जवळच आहे. दोन्ही गावांत जाऊन तिथल्या जुन्या माणसांशी बोलायला काय हरकत आहे?

मुद्गलला गोदावरीच्या पात्रात मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात पूर चढला की ते पाण्यात जातं आणि पाणी ओसरलं की पुन्हा उभं. तिथेच जवळ बंधारा आहे. वर ढालेगावला आहे, खाली पालमकडे डिग्रसला आहे. म्हणून एक गोष्ट दोघांनाही बजावून सांगते. नदीचं पात्र कितीही कोरडं, वाळू कितीही मऊ दिसली तरी तिथे तंबू टाकायचा नाही. जायकवाडीतून किंवा बंधाऱ्यातून पाणी सोडलं की रात्रीत पातळी वाढते. काठावर, उंचावर, गावकरी दाखवतील तिथेच झोपायचं.

गंगाखेडकडे आम्ही एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर राहिलो. बाजूला ज्वारी कमरेच्या वर. संध्याकाळी आगटी पेटली, गवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली आणि वहिनींनी तळहातावर चोळून पहिला हुरडा माझ्या ओंजळीत टाकला. गरम, दुधाळ, थोडा धुराचा वास असलेला. सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि हरभऱ्याचे ढाळे. त्या भागात वेळ अमावास्येला सगळं घर शेतात जातं, रानातच जेवतं, आंबील, भज्जी, खिचडा असतो. मार्गशीर्षातली ती अमावास्या साधता आली तर याहून चांगला मुहूर्त नाही.

जेवून आम्ही तंबूत शिरलो आणि मध्यरात्री उजेडानं जाग आली. पाहते तर ते दोघं नवरा-बायको हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेले. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. ती पुढे बॅटरी धरून, तो मागे खोरं घेऊन. एक वाफा भरला की तो मातीनं दारं बंद करायचा, ती पुढचं दाखवायची. पायांत चपला नाहीत, पाणी बर्फासारखं. तासाभरानं ती आमच्या आगटीपाशी येऊन पाय शेकत बसली. मी विचारलं, भीती वाटत नाही का? म्हणाली, ‘भीती एकट्याला वाटते. दोघं असलो की काम उरकतं.’ चिऊ, या मुलखातल्या उघड्यावरच्या रात्री पिढ्यान्‌पिढ्या अशा जोडप्यांनीच काढल्या आहेत.

पुढे रस्त्यात ऊसतोडीवाल्यांचा तळ लागला. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, चुलीवर काळी पडलेली पातेली, बैलांना वाढ्याचा चारा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही त्या जोडीच्या नावावर मिळते. दिवाळीच्या आगेमागे घर सोडायचं आणि उन्हाळा लागता लागता परतायचं. जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं अशीच जातात. त्या तळावर एक बाई अंधार पडायची वाट पाहत होती, कारण आडोसाच नव्हता. आम्ही हौसेनं तंबूत राहतो आणि त्या गरजेनं कोपीत राहतात, एवढं म्हणून मला पुढे जाता येत नाही. वाटसरूसाठी म्हणून गावोगावी पाणी आणि बाईमाणसाला कडी लावता येईल असं स्वच्छतागृह झालं, तर त्याचा पहिला हक्क त्या बाईचा आहे, आपला नंतर.

गंगाखेडला जनाबाईंचं मंदिर गोदेच्या काठी आहे. संत नामदेवांच्या घरी कष्ट करत आयुष्य काढलेली ही बाई मूळची इथली. गजानन महाराजांची शेगावहून निघणारी पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी मुक्काम करत पंढरपूरला जाते. तेव्हा हजारोंनी आलेल्या वारकऱ्यांना हीच गावं जेवू घालतात, शाळा उघडतात, अंगणं सारवून देतात. म्हणजे मुक्कामाला माणूस ठेवून घेण्याची रीत आमच्याकडे जिवंत आहे. ती पालखीपुरतीच का असावी?

धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर बघशील तेव्हा तुझे डोळे भरून येतील. गोदेच्या काठी, उंचावर, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींच्या एकाहून एक देखण्या मूर्ती आणि वर विटांचं शिखर. एवढं काम, आणि तेही किती काळ पडझडीत उभं होतं. अशा देवळासमोर दिवसा अर्धा तास हिंडून निघून जाण्यात अर्थ नाही. सकाळचं ऊन भिंतीवर आलं की एकेक मूर्ती वेगळी होते, दुपारी सगळ्या सपाट दिसतात. त्यासाठी आदल्या रात्री गावात असावं लागतं.

पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. दोन्ही बाजूंनी पाणी, मधे झाडी, जांभळं आणि मोर. तिथे आम्ही काठावरूनच परत फिरलो, कारण त्या झाडीत रात्री चूल पेटवणं मला पटलं नाही. मोरांना तेवढं मोकळं रान राहू दे. शेवटी पूर्णा. रेल्वेचं गाव, रात्रभर शिट्ट्या. स्टेशनवर चहा घेतला आणि घरी आलो.

आता तुम्ही कधी येता ते बोल. परवानगीचं सोपं आहे. शेत कुणाचं ते विचारायचं, सरपंचांना नाहीतर पोलीस पाटलांना आपलं नाव-गाव सांगायचं, उभ्या पिकात पाय घालायचा नाही, कचरा सोबत घेऊन यायचा आणि भाजी, दूध, पीठ त्याच गावातून घ्यायचं. माझ्या अनुभवात नाही कुणीच म्हणालं नाही. अडचण एकच, स्वच्छतागृहाची. दर वेळी कुणाच्या तरी घरचं दार वाजवावं लागलं.

त्यासाठी आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना माझी हात जोडून विनंती आहे. बारवेजवळ, देवळाजवळ नाहीतर शाळेमागे एक मैदान मुक्कामासाठी राखा. पाण्याचा नळ द्या, दिवा द्या, बायकांसाठी आतून कडी लागणारं स्वच्छतागृह द्या आणि वेशीवर पाटी लावा. वालूरच्या लोकांनी एवढी मोठी बारव हातांनी उपसली, त्या मानानं हे काम लहान आहे. वारकरी थांबतील, ऊसतोडीवाले थांबतील, मेंढपाळ थांबतील, तुमच्यासारखी गाडीवाली जोडपीही थांबतील.

आणि चिऊ, तुम्ही दोघं वेळ अमावास्येच्या आधी पोचा. २ फेब्रुवारीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस सुरू होतो, तोवर राहा. तिकिटं त्या हिशोबानं काढा. तंबू धुऊन, वाळवून ठेवला आहे.

तुझी,
आई
परभणी